बैल मुतला नव्हता

खिल्लार बैल, वय ५ वर्षं, वजन अंदाजे ४०० किलो. बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यावर तोडीला आलेल्या टोळीतला, गाडीला उजव्या अंगाने जुंपला जाणारा. जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी तो मेला. खरं तर हा एक बैल नव्हे. मूत्रमार्ग तुंबून गेलेल्या कित्येक बैलांच्या हकिगती इथे एकाच दावणीला बांधल्या आहेत. माणसांची, गावाची, कारखान्याची नावं म्हणूनच दिलेली नाहीत. तासांचा क्रम मात्र शरीर ठरवतं, आणि तो फारसा बदलत नाही.

चार वर्षं आधी

गोऱ्हा ९ महिन्यांचा असताना चिमटा लावून खच्ची केला. एरवी जुंपणीला यायच्या सुमारास हे करतात, पण हा अंगावर यायचा आणि घरात लहान मुलं होती.

नराच्या मूत्रनळीची वाढ वृषणातल्या संप्रेरकावर चालते. ते लवकर थांबलं की नळी अरुंद राहते. गाईची नळी आखूड आणि रुंद असते, बारीक खडे तिच्यातून निघून जातात. बैलाची नळी मूत्राशयातून निघते, कमरेच्या हाडावरून मागे वळून खाली उतरते, मांड्यांच्या मध्ये दुहेरी वळण घेते आणि मग पोटाखालून पुढे जाते. खडा अडकतो तो बहुतेक वेळा त्या वळणाच्या खालच्या भागात.

सहा आठवडे आधी

टोळी तळावर उतरली, कोप्या उभ्या राहिल्या. गावी बैलाला कडबा होता, हौदावर दोन वेळचं पाणी होतं. इथे चारा म्हणजे उसाचं वाढं. ते तोडीबरोबर फुकट मिळतं. उरलेलं विकून रोजचा किराणा निघतो. वाढ्यात ऑक्झलेट असतं. रुमेनमधले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जंतू त्यातलं बरंचसं मोडतात, काही कॅल्शियमला धरून शेणातून जातं, थोडं रक्तातून मूत्रपिंडाकडे येतं. वर रोज दोन किलो गव्हाचा कोंडा, कारण बैल राबत होता. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी थोडं. घालणाऱ्याने तो मायेने घातला.

एवढ्या वजनाच्या कामाच्या बैलाला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी लागतं. तळावर २०० लिटरचं पिंप, त्यावर सहा जोड्या आणि बारा माणसं. याच्या वाट्याला दोन बादल्या यायच्या. पहाटेची बादली इतकी गार असे, की तो अर्धी सोडून तोंड फिरवायचा. हिरव्या चाऱ्यातून थोडं पाणी पोटात जातंच, म्हणून कुणाला काळजी वाटली नाही.

या सगळ्याचा हिशेब बैलाच्या पाठीखाली चालला होता. घोड्याचं, कुत्र्याचं, शेळीचं मूत्रपिंड बाहेरून गुळगुळीत असतं. गाईबैलाचं सीताफळासारखं, वीसेक खंडांचं. वजन प्रत्येकी अर्ध्या किलोहून जास्त. उजवं शेवटच्या बरगडीपाशी पाठीला धरून बसलेलं. डावं मूळचं डावीकडचं, पण त्या बाजूला भरलेलं रुमेन असतं, त्यामुळे ते मध्यरेषेच्या पलीकडे उजवीकडे ढकललं जातं आणि पाठीखाली सैल लोंबत राहतं. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघांतून जातो. लाखो सूक्ष्म गाळण्या रक्तातलं पाणी गाळतात आणि पुढच्या नळ्या त्यातले शंभरातले नव्व्याण्णव भाग परत घेतात. उरतं ते मूत्र. ४०० किलोच्या जनावरात दिवसाला साधारण ७ ते १८ लिटर.

पाणी कमी पडलं की नळ्या आणखी परत घेतात आणि मूत्र घट्ट होतं. मूत्रपिंडाच्या बाजूने पाहिलं तर काम चोख होतं. पण चारा खाणाऱ्या जनावराचं मूत्र मुळात अल्कधर्मी. त्यात ते घट्ट झालं की क्षारांचे स्फटिक धरायला वेळ लागत नाही.

नऊ दिवस आधी

मालकाच्या बायकोला वैरण टाकताना बैलाच्या पोटाखाली, मुताच्या जागच्या केसांच्या झुपक्यावर पांढरी खर दिसली. बोटांनी चोळली तर वाळूसारखी कचकच लागली. तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “चुन्याच्या फक्कीत बसला आसंल.” तळाच्या कडेला फक्की पडलेली होती, हे खरं.

खर बाहेर दिसते तेव्हा आत वाळू तयार झालेली असते. इथे थांबता आलं असतं: कोंडा बंद, मीठ वाढवायचं म्हणजे तहान वाढते, पाणी कोमट करून जास्त वेळा पुढे ठेवायचं, आणि मूत्र आम्ल करायला डॉक्टरांना विचारून नवसागर. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा.

मंगळवार, पहाटे ४.१०. उरले १२० तास ३० मिनिटं

जोडी जुंपली. चालता चालता बैल मुततो तेव्हा धुळीत ओली नागमोडी रेघ उमटत जाते. फडापर्यंत दीड किलोमीटरची वाट. त्या पहाटे चाकोऱ्यांच्या मध्ये एकच रेघ होती, डाव्या बैलाची. अंधार होता. असं कोण बघतं?

रात्री केव्हातरी ५ मिलिमीटरचा खडा मूत्राशयातून सुटून वळणात येऊन बसला होता. बाजूने थेंब झिरपायला जागा होती.

मंगळवार, सकाळी ११.३०. उरले ११३ तास १० मिनिटं

कारखान्याचा गाडीतळ. गाडीत दोन टनांच्या वर ऊस, पुढे ६३ गाड्या. बैल जुवाखाली उभे. उजवा मागचे पाय आलटून पालटून टेकत होता आणि सारखी शेपूट उडवत होता. एकदा त्याने मागच्या पायाने स्वतःच्या पोटाला लाथ मारली. मालकाने गोचीड शोधली. एक सापडलीही, ती चिरडली आणि तो विषय संपला.

नंबर लागायला दुपारचे ३ वाजले. तोवर पाणी नाही. पाणी मिळालं नाही हे त्या दिवसापुरतं बैलाच्या पथ्यावरच पडलं.

मंगळवार, रात्री ९.००. उरले १०३ तास ४० मिनिटं

बैलाने वाढ्याला तोंड लावलं नाही. पाठ कमानीसारखी वर, शेपूट ताणलेली, कुंथणं चालू. कुंथणारं जनावर दिसलं की पहिलं निदान बद्धकोष्ठाचं होतं. मालकाच्या सासऱ्याने अर्धा लिटर गोडं तेल पाजलं. तासाभराने बैलाने थोडं शेण टाकलं, सगळ्यांना बरं वाटलं.

शेण अडलेलं नव्हतंच. कुंथत होता तो मुतासाठी. दोन्हीसाठी बैल एकाच पवित्र्यात उभा राहतो, आणि पाहणारा शेपटीखाली पाहतो, पोटाखाली नाही.

बुधवार, सकाळी ६.२०. उरले ९४ तास २० मिनिटं

झुपक्याच्या टोकाला तांबूस थेंब. शेजारच्या कोपीतला म्हातारा बघून म्हणाला, “मुतला का रं ह्यो?”

“थेंब थेंब चाललंय की.”

“थेंब म्हंजे मुतणं न्हाई.”

म्हातारा तोडीला निघाला होता. पुढे तो काही बोलला नाही, त्याला कुणी विचारलं नाही.

या घडीला शेपटीखाली, गुदद्वाराच्या खालच्या बाजूला दोन बोटं दाबून धरली असती तर त्वचेखाली मूत्रनळी ठणकत उडताना लागली असती. त्याला हातमोजाही लागत नाही. बंद नळीवर मूत्राशय जोर करतं, तो जोर तिथे कळतो.

वर मूत्रपिंडाकडेही बातमी पोहोचली होती. गाईबैलाच्या मूत्रपिंडात घोड्याकुत्र्यासारखं मोठं मूत्र-कुंड नसतं. प्रत्येक खंडाचा थेंब लहान पेल्यात पडतो, पेले दोन मुख्य वाटांना मिळतात आणि वाटा मूत्रवाहिनीला. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत तिरकी शिरते, त्यामुळे भरलेलं मूत्राशय स्वतःच ती दाबून धरतं आणि मूत खालून वर जात नाही. ही सोय रोजच्या भरण्यासाठी आहे. दिवस उलटून गेलेल्या दाबाला ती पुरी पडत नाही. दाब वर चढतो, पेले फुगतात, गाळण्यांचा वेग मंदावतो. मंदावतो, थांबत नाही.

बुधवार, सकाळी १०.४५. उरले ८९ तास ५५ मिनिटं

१९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल-फ्री क्रमांक टोळीत कुणाच्याही फोनमध्ये नव्हता. टोळीच्या मुकादमाने जवळच्या गावातून जनावरांना सुया टोचणारा एक माणूस बोलावला. मोटारसायकलवर आला. त्याने विचारलं, “लघवी करतोय का?”

“थोडी थोडी करतोय.”

“मग मोकळी करू.”

दोन इंजेक्शनं. एक दुखण्याचं. दुसरं लघवीचं, म्हणजे फ्युरोसेमाइड. पैसे ४००. सगळं मिळून ११ मिनिटं. आत हात घालून बघितलं नाही. त्याच्याकडे लांब हातमोजा नव्हता.

फ्युरोसेमाइड मूत्रपिंडातल्या नळीच्या आकड्यासारख्या वळणावर काम करतं. तिथे नळी मीठ परत घेते आणि मिठामागे पाणी येतं. औषध ते परत घेणं थांबवतं, म्हणून जास्त पाणी खाली जातं. सुजलेल्या जनावरात, वाट मोकळी असताना, हे गुणकारी औषध आहे. वाट बंद असताना त्याचा अर्थ एवढाच, की भरलेल्या मूत्राशयात आणखी पाणी ओतलं. या सबंध आठवड्यातलं एकच पाऊल निवडून मागे घ्यायला मिळालं, तर मी हे घेईन. त्या माणसाने वाईट हेतूने काही केलं नाही. त्याने प्रश्न बरोबर विचारला, उत्तर मात्र तोलून पाहिलं नाही.

बुधवार, दुपारी १.१५. उरले ८७ तास २५ मिनिटं

मालकाच्या बायकोने विचार केला, सहा आठवडे बैलाला पाणी कमी पडलं. निदानाच्या सर्वांत जवळ पोहोचलेलं माणूस त्या तळावर तीच होती. तिने गूळ घालून कोमट पाणी केलं आणि बाटलीबाटलीने १० लिटर पाजलं. आदल्या आठवड्यात हेच पाणी औषध ठरलं असतं.

बुधवार, रात्री ११.३०. उरले ७७ तास १० मिनिटं

दुखण्याच्या इंजेक्शनचा असर उतरला. बैल उठबस करत होता, दात खात होता, कण्हत होता. थेंबही थांबला होता. मालक कंदील घेऊन जागा. त्याने मुकादमाला उठवलं: “आण्णा, ह्येचं काय खरं न्हाई. उद्या सरकारी डॉक्टर बघाच.”

मुकादमाने सकाळी फोन करायचं कबूल केलं.

मूत्राशयाची भिंत इतकी ताणली गेली होती, की तिच्यातल्या रक्तवाहिन्या दाबून चपट्या झाल्या होत्या. रक्त न मिळालेला भाग आधी निळसर होतो, मग काळा. तो फुटायला धक्का लागत नाही.

गुरुवार, सकाळी ८.३०. उरले ६८ तास १० मिनिटं

मुकादमाने शब्द पाळला. तालुक्याच्या दवाखान्यात फोन लागला. डॉक्टर दुपारी १ वाजता येतो म्हणाले.

गुरुवार, सकाळी ९.५०. उरले ६६ तास ५० मिनिटं

कुंथणं एकदम थांबलं. खडा अडकल्याला निदान साडेत्रेपन्न तास झाले होते; पूर्ण तुंबल्यावर दोन ते तीन दिवसांत मूत्राशय किंवा मूत्रनळी फुटते, त्या हिशेबात हे बसतं. बैलाने पाठ सरळ केली, शेपूट खाली सोडली. थोडा वेळ उभा राहिला, मग पाय दुमडून नीट बसला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

त्याच्या आणि जोडीदाराच्या मधली जमीन ओली होती. ती जोडीदाराने केली होती.

गुरुवार, सकाळी ११.३०. उरले ६५ तास १० मिनिटं

बैलाने वाढ्याची दोन पानं ओढली. बायको म्हणाली, “अवो, खाया लागला बघा.” मालकाने ओली जमीन दाखवली. सासऱ्याला तेलाचा गुण वाटला, मुकादमाला इंजेक्शनचा. बैलाला वेदना नव्हती हे खरंच होतं.

११ वाजून ४२ मिनिटांनी मुकादमाने दवाखान्यात फोन केला. “साहेब, नका येऊ. बैल मोकळा झाला.”

डॉक्टरांनी विचारलं, “धार बघितली का कुणी?”

“हो, जमीन भिजलीया.”

डॉक्टरांच्या यादीत त्या दिवशी आणखी जनावरं होती. ते दुसरीकडे गेले.

मूत्रपिंडांच्या बाजूने पाहिलं तर आता वरचा दाब गेला होता. गाळण्या पुन्हा वेगाने चालू लागल्या. तासाला अर्धा लिटरच्या आसपास मूत्र तयार होत होतं आणि फाटलेल्या मूत्राशयातून पोटात, आतड्यांच्या भोवती साठत होतं.

शुक्रवार, सकाळी ६.३०. उरले ४६ तास १० मिनिटं

दोन दिवसांच्या खेपा बुडाल्या होत्या. उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतून, खाडे कापले जातात. बैल जुंपला, पण गाडी अर्धीच भरायची असं ठरलं. तो चालला. वेग कमी होता, थकवा असेल म्हणून कुणी हाकललं नाही.

पोट खाली दोन्ही बाजूंना सुटल्यासारखं दिसत होतं. रुमेन फुगलं तर फक्त डावी कूस वर येते. इथे दोन्ही कुशी खालून भरल्या होत्या. “खाल्लंय रात्री,” असं मालक म्हणाला. रात्री बैलाने जेमतेम पेंडीभर खाल्लं होतं.

पोटात साठलेलं मूत्र तिथेच पडून राहत नाही. पोटाचं अस्तर पातळ असतं. त्यातून युरिया झपाट्याने परत रक्तात जातो. क्रिएटिनिन या मुतातल्या दुसऱ्या टाकाऊ द्रव्याचा रेणू मोठा, तो मागे रेंगाळतो. मीठ उलट्या दिशेने रक्तातून पोटात उतरतं आणि त्याच्यामागे पाणी. म्हणजे पोट भरत असताना बैल आतून कोरडा पडत जातो. डोळे खोल जातात.

गुरांमध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. चांगल्या दिवसांत गाय-बैल सगळा युरिया मुतावाटे टाकत नाहीत. चारा निकस असला की मूत्रपिंड युरिया राखून ठेवतं, तो लाळेतून आणि रुमेनच्या भिंतीतून परत पोटात येतो, जंतू त्यापासून प्रथिनं बनवतात आणि बैल ते जंतू पचवतो. नुसत्या कडब्यावर दुष्काळ काढणारी गुरं या हिकमतीवर तगतात. आता रक्तात युरिया वाढला तसा तो त्याच वाटेने रुमेनमध्ये येऊ लागला. पण रुमेन रिकामं होतं. त्याचं प्रथिन करायला जंतूंना खाद्य नव्हतं. त्याचा अमोनिया झाला.

शुक्रवार, संध्याकाळी ५.००. उरले ३५ तास ४० मिनिटं

बैल फडातून परतताना दोनदा थांबला. तळावर आल्यावर पाणी पुढे ठेवलं, त्याने तोंड बुडवलं आणि तसाच उभा राहिला. कान गार. तोंडाला मुताचा वास. रवंथ बंद.

मुकादमाने पुन्हा फोन केला. डॉक्टर म्हणाले, सकाळी पहिल्यांदा तुमच्याकडेच येतो.

शनिवार, सकाळी ८.१५. उरले २० तास २५ मिनिटं

डॉक्टरांनी आधी बैलाच्या मागे उभं राहून पोट पाहिलं. मग एका कुशीवर तळहात ठेवून दुसऱ्या कुशीवर टिचकी मारली. लाट या बाजूला आली.

खांद्यापर्यंतचा हातमोजा, त्यावर साबण. हात आत. आधी शेण काढलं. कमरेच्या हाडावर, जिथे तुंबलेल्या बैलात ताठ फुगलेलं मूत्राशय हाताला लागायला हवं, तिथे काही नव्हतं. त्यांनी हात आणखी पुढे, वर नेला. पाठीखाली लोंबणारं डावं मूत्रपिंड बोटांना लागलं. एकेक खंड वेगळा कळत होता, सुजलेला. दाबल्यावर बैलाने पाठ खचवली. त्या तपासणीत त्याने केलेली ही एकच हालचाल.

पोटाच्या सर्वांत खालच्या भागात, मध्यरेषेच्या थोडं उजवीकडे, केस कापून सुई घातली. पिवळं पाणी आपोआप धारेने आलं. डॉक्टरांनी ते चमच्यात घेऊन पेटत्या काडीवर गरम केलं आणि मालकाच्या नाकाजवळ धरलं. सांगावं लागलं नाही.

प्रयोगशाळेत याचा पुरावा असा काढतात: पोटातल्या पाण्यातलं क्रिएटिनिन रक्तातल्यापेक्षा दुपटीहून जास्त निघालं, तर ते पाणी म्हणजे मूत्र. इथे नाकाने काम झालं.

“कधी शांत झाला हा?”

“गुरुवारी सकाळी. दहाच्या सुमाराला.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. ‘नका येऊ’ या फोनला चव्वेचाळीस तास उलटून गेले होते.

शनिवार, सकाळी ९.३०. उरले १९ तास १० मिनिटं

पर्याय सांगितले गेले. मूत्राशय फुटायच्या आधी असतं तर मांड्यांच्या मागे मूत्रनळीला नवं तोंड पाडता आलं असतं, किंवा पोटातून मूत्राशयात रबरी नळी बसवून मूत बाहेर काढता आलं असतं. वासरांमध्ये आणि बोकडांमध्ये नळीची ही शस्त्रक्रिया पशुवैद्यकीय महाविद्यालयांत नेहमी होते. बोकडांना तर आणखी एक सोय आहे: त्यांच्या मूत्रनळीच्या अगदी टोकाला बारीक शेपटी असते, खडा तिथे अडकलेला असला तर ती कापून टाकली की काही वेळा धार लागते. बैलाला ती शेपटी नाही.

फुटल्यावरही पोट उघडून मूत्राशय शिवता येतं. त्यासाठी शिरवळचं महाविद्यालय गाठायचं, टेम्पोने साडेतीन तास, आधी बाटल्या लावून रक्त सावरायचं. जगण्याची शक्यता डॉक्टरांनी थोडी म्हणून सांगितली, आकडा दिला नाही. परदेशी पाठ्यपुस्तकांत अशा वेळी एक सल्ला असतो, रक्तात विष भिनायच्या आत जनावर कत्तलीला पाठवा. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाची कत्तल कायद्याने बंद आहे, त्यामुळे तो सल्ला इथे कुणी देत नाही आणि कुणी विचारतही नाही.

टेम्पोवाला ७,००० म्हणाला. जोडी लाखाच्या वर पैसे मोजून घेतलेली, त्यातले निम्म्याहून जास्त उचलीचे. मालकाने पाच मिनिटं विचार केला. नाही म्हणाला. डॉक्टरांनी आग्रह केला नाही. सुईने पोटातलं थोडं पाणी हळूहळू काढलं, शिरेतून सलाइनच्या चार बाटल्या लावल्या.

शनिवार, रात्री ८.००. उरले ८ तास ४० मिनिटं

बैल बसला तो उठला नाही. मान कुशीकडे वळवलेली.

मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसात रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबण्याची भीती मोठी असते. बैल लाळेवाटे बरंच पोटॅशियम बाहेर टाकतो, त्यामुळे तेवढ्याने तो लवकर सुटत नाही.

रविवार, मध्यरात्री १.३०. उरले ३ तास १० मिनिटं

खांद्याचे आणि मांडीचे स्नायू उडू लागले. अंग गार. मालकाने दोन पोती पांघरली. टोळीला ३ वाजता उठायचं होतं, बाकीच्या कोप्यांत सगळे झोपले होते.

रविवार, पहाटे ४.४०

श्वास थांबला. तेव्हा तळावरच्या चार गाड्या फडाकडे निघून गेल्या होत्या. एक जोडी अजून दावणीला होती, तिच्या मालकाची गाडी रात्रीच भरून उभी होती.

रविवार, सकाळी ९.००

बैलाचा विमा होता. विम्याच्या कागदाला शवविच्छेदनाचा दाखला लागतो, म्हणून डॉक्टर पुन्हा आले. पोट उघडल्यावर पिवळं पाणी बाहेर आलं. मोजून घेतलेलं नाही, पण ३५ लिटरच्या बादलीत मावलं नाही. मूत्राशय रिकामं, आक्रसलेलं, वरच्या भिंतीत ४ सेंटिमीटरची फाट, कडा काळ्या. मूत्रपिंडं दोन्ही मोठी आणि फिकट. कापल्यावर पेले रुंद झालेले दिसले. पेल्यांच्या वरचा गाळणीचा थर अजून शाबूत होता. तो शेवटच्या दिवसापर्यंत मूत्र बनवत होता.

वळणातून खडा निघाला. पिवळट पांढरा, खरखरीत, ५ मिलिमीटर. ऑक्झलेटचा की फॉस्फेटचा, हे कुणी तपासलं नाही. डॉक्टरांनी तो कागदात गुंडाळून मालकाला दिला. मालकाने तो खिशात घातला आणि खड्डा काढायला आलेल्या जेसीबीवाल्याशी भाव ठरवायला गेला.

रविवार, सकाळी ११.२०

डॉक्टरांनी तळावर उरलेली जनावरं तपासली, फडात जाऊन तिथलीही. मेलेल्या बैलाचा जोडीदार धरून एकूण ११. प्रत्येकाच्या पोटाखाली हात घालून झुपका बोटांत चोळून पाहिला. दोघांच्या केसांवर पांढरी खर होती. कोंडा बंद, रोज मीठ, पाण्याला वेगळं पिंप, नवसागराचं प्रमाण वजन बघून लिहून दिलं. १९६२ मुकादमाच्या फोनमध्ये घातला.

खर असलेल्यांपैकी एकाच्या मालकाने बैल त्याच वेळी सोडला. दुसऱ्याची गाडी भरून झाली होती. ती दुपारी गाडीतळावर गेली, नंबर ५८.